कर माणसाच्या वजनावर की बाटलीतल्या साखरेवर?

ऑगस्ट 2008 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या कर्मचारी विमा मंडळाने एक योजना मंजूर केली. राज्य सरकारच्या नोकरांना तोवर स्वतःपुरता आरोग्यविमा मोफत मिळत होता. नव्या योजनेत प्रत्येकाने रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रक्तातली साखर आणि वजन तपासून घ्यायचे होते. वजन धोक्याच्या पातळीवर निघाले, तर डॉक्टरकडे जायचे, आहार-व्यायामाच्या कार्यक्रमात नाव घालायचे किंवा स्वतःच ते उतरवून दाखवायचे. यातले काहीच केले नाही, तर महिन्याला 25 डॉलर भरायचे. सिगारेट ओढणाऱ्यांकडून अलाबामा असे जादा पैसे आधीपासूनच घेत होते. आता पाळी लठ्ठ माणसांची आली.

हा विम्याचा हप्ता होता, कर नव्हे. पण त्यामागचा विचार जगभर पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. दवाखान्याचे बिल जिथे सरकार, म्हणजे सगळे करदाते मिळून भरतात, तिथे तर तो फार लवकर लोकांच्या तोंडी येतो. शेजाऱ्याने आयुष्यभर तळलेले खाल्ले, व्यायामाचे नाव काढले नाही, आणि आता त्याच्या अँजिओप्लास्टीचा खर्च माझ्या करातून का जावा? ज्याचे वजन जास्त, त्याने सरकारी आरोग्यखर्चासाठी थोडा जादा कर भरावा, यात अन्याय तो काय?

प्रश्न सरळ दिसतो आणि तो विचारणारा माणूस दुष्ट नसतो. ब्रिटनमध्ये 1948 पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा करांच्या पैशावर चालते. तिथे उपचार घेताना रुग्णाला बिल द्यावे लागत नाही, आणि लठ्ठपणाशी निगडित आजारांवर या सेवेचे वर्षाला सुमारे 6.5 अब्ज पौंड खर्च होतात, असा तिथल्या सरकारचा अंदाज आहे. शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने रांगेत थांबलेल्या माणसाला हा आकडा टोचणारच. 2016 मध्ये यॉर्क भागातल्या आरोग्य प्रशासनाने तर असे ठरवले होते, की ज्यांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचे माप) 30 च्या वर आहे, त्यांच्या तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया वर्षभर पुढे ढकलायच्या. मधल्या काळात दहा टक्के वजन उतरवले तर आधी नंबर लागेल. त्यावर देशभर गदारोळ झाला आणि वरिष्ठांना हस्तक्षेप करावा लागला. पैसा मागितला नव्हता, वेळ मागितला होता. तरीही ती शिक्षाच होती.

म्हणून आधी हिशेबच पाहिला पाहिजे. लठ्ठ माणूस समाजाला खरोखर किती महाग पडतो?

2008 च्या फेब्रुवारीत पीटर व्हॅन बाल आणि त्यांच्या नेदरलँड्समधल्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचे जे उत्तर काढले, ते अनेकांना अजूनही पचत नाही. त्यांनी वयाच्या विसाव्या वर्षापासून मरेपर्यंतचा आरोग्यखर्च मोजण्यासाठी गणिती प्रारूप मांडले. त्यात तीन गट होते: लठ्ठ, धूम्रपान करणारे, आणि सडपातळ असून धूम्रपान न करणारे. वयाच्या 56 व्या वर्षापर्यंत दरवर्षीचा खर्च लठ्ठ गटाचा सर्वांत जास्त निघाला. इथवर शेजाऱ्यावर चिडलेल्या माणसाचे म्हणणे खरे ठरते. पण पूर्ण आयुष्याची बेरीज केली तेव्हा चित्र उलटले. लठ्ठ माणसाचा आयुष्यभराचा खर्च सुमारे 2 लाख 50 हजार युरो, धूम्रपान करणाऱ्याचा 2 लाख 20 हजार, आणि सगळे पथ्य पाळणाऱ्या सडपातळ माणसाचा 2 लाख 81 हजार युरो. कारण मन विषण्ण करणारे आहे. लठ्ठ गट सरासरी 80 वर्षांच्या आसपास संपत होता, सडपातळ गट 84 च्या पुढे जात होता, आणि त्या जादा वर्षांत स्मृतिभ्रंशापासून मोडलेल्या हाडांपर्यंत म्हातारपणाची सगळी दुखणी येतात. त्यांवरचे उपचार फुकट होत नाहीत.

या अभ्यासावरून कोणी वजन वाढवावे असा निष्कर्ष निघत नाही. आयुष्यातली चार वर्षे कमी होणे हे कुठल्याही बचतीपेक्षा मोठे नुकसान आहे. शिवाय काम बुडणे, लवकर निवृत्ती घ्यावी लागणे, घरच्यांनी सेवेत घालवलेला काळ हे खर्च या गणितात धरलेलेच नव्हते, आणि दुसऱ्या देशांत, दुसऱ्या पद्धतीने मोजले तर आकडे बदलतात. पण ‘लठ्ठ माणसे तिजोरी खातात’ हे जे गृहीत धरून कर मागितला जातो, ते मुळात इतके पक्के नाही.

अमेरिकेतल्या आणखी एका अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. जय भट्टाचार्य आणि केट बंडॉर्फ या अर्थशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये मालकाकडून आरोग्यविमा मिळणाऱ्या कामगारांचे पगार तपासले. विमा असलेल्या लठ्ठ कामगारांचा पगार बाकीच्यांपेक्षा कमी होता. विमा नसलेल्या ठिकाणी तसा फरक आढळला नाही. याचा अर्थ मालक विम्याचा जादा भार पगारातून वळता करून घेत होता. जादा वजनाची किंमत माणूस कुठे ना कुठे आधीच मोजतो. आपल्याकडेही वैयक्तिक आरोग्यविमा काढताना वजन जास्त असेल, तर कंपनी हप्त्यावर ‘लोडिंग’ लावते, हे एजंट पहिल्याच भेटीत सांगतो.

आणि भारतात तर ‘दुसऱ्याच्या करातून उपचार’ ही तक्रारच अर्ध्यावर लंगडी पडते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. आयुष्मान भारत किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येतात. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या, साखर मोजायच्या पट्ट्या, दर तीन महिन्यांची रक्ततपासणी, दुखऱ्या गुडघ्यांवरची औषधे हा सगळा खर्च बहुतेक घरांत महिन्याच्या पगारातूनच निघतो. त्यावर पुन्हा कर लावायचा म्हणजे एकाच दुखण्याचे बिल दोनदा फाडायचे.

आता समजा, हे सगळे बाजूला ठेवून सरकारने कर लावायचे ठरवलेच. तो मोजायचा कशाने?

जगभर वापरले जाणारे माप म्हणजे बॉडी मास इंडेक्स. किलोग्रॅममधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. हे सूत्र मांडले बेल्जियमच्या अडॉल्फ केतले या गणितज्ञाने 1830 च्या दशकात. केतले डॉक्टर नव्हता. त्याला माणसांच्या मोठ्या समूहाची सरासरी घडण शोधायची होती, एकेकाचे आरोग्य ठरवायचे नव्हते. 1972 मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी या सूत्राला आजचे नाव दिले, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी.

पाच फूट पाच इंच, म्हणजे 165 सेंटिमीटर उंचीचा आणि 70 किलो वजनाचा एक कारकून घेऊ. त्याचा निर्देशांक 25.7 येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण मापाने तो फक्त ‘जास्त वजनाचा’ ठरेल. लठ्ठ ठरायला 30 लागतात. भारतीय डॉक्टरांनी 2009 मध्ये ठरवलेल्या मापाने 25 च्या पुढे लठ्ठपणा सुरू होतो, म्हणजे तोच कारकून लठ्ठ. कर कुठल्या रेषेवर लावायचा? आता कोल्हापूरच्या तालमीतला 175 सेंटिमीटर उंचीचा, 95 किलोंचा पैलवान घ्या. त्याचा निर्देशांक 31, म्हणजे कुठल्याही मापाने लठ्ठ. रोज पहाटे जोर-बैठका काढणाऱ्या त्या पोराला कराची नोटीस जाईल.

उलट बाजूची चूक याहून गंभीर आहे आणि ती समजून घ्यायला पुण्याला यावे लागते. तिथल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षे भारतीयांच्या मधुमेहाचा अभ्यास केला. 2004 च्या जानेवारीत ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी एक छोटेखानी नोंद छापली. तिच्यात दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो होता. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, 22.3. काट्याच्या हिशेबाने दोघेही ठणठणीत. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. उंचीला वजन बेताचे, हातपाय बारीक, आणि चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती साठलेली: ही भारतीय शरीराची घडण आहे. म्हणूनच आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही चाळिशीत मधुमेह होतो.

याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुढे गेले. 1990 च्या दशकात त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांची आणि त्यांच्या बाळांची मापे घ्यायला सुरुवात केली. शेतात राबणाऱ्या, पोटभर न जेवणाऱ्या या आयांची बाळे जन्मतः सरासरी 2.7 किलोंची होती. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळे 3.5 किलोंची. एवढी हलकी बाळे सुकलेली असायला हवीत. पण पाठीवरच्या चिमटीत धरलेल्या कातडीखालची चरबी मोजली, तर ती जवळजवळ इंग्रज बाळांएवढीच होती. कमी पडले होते ते स्नायू आणि अवयव. आईच्या पोटात उपाशी राहिलेले शरीर चरबी राखून ठेवायला शिकून जन्माला येते, आणि मोठेपणी शहरात येऊन खुर्चीवर बसायला लागले, भरपूर खायला मिळाले, की तेच शिकलेले त्याच्या अंगावर उलटते. अशा माणसाला कोणत्या गुन्ह्यासाठी कर लावणार? त्याच्या आईला 1970 साली डाळ मिळाली नाही यासाठी?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या 28.6 टक्के प्रौढांमध्ये लठ्ठपणा आढळला. पण पोट सुटलेल्यांचे प्रमाण होते 39.5 टक्के. हा जो फरक आहे, त्यात काट्यावर बिनधास्त उतरणारी आणि आतून धोक्यात असलेली कोट्यवधी माणसे आहेत. वजनावरचा कर त्यांना सुखरूप असल्याची खोटी पावती देईल.

मापाचा प्रश्न सुटला असे धरले, तरी दोषाचा प्रश्न उरतो. ‘तोंड आवरले तर वजन उतरेल’ हे वाक्य प्रत्येक लग्नघरात कोणीतरी कोणाला तरी ऐकवत असते. शरीरशास्त्राचे म्हणणे वेगळे आहे. जुळ्या भावंडांवरचे अभ्यास सांगतात, की माणसामाणसांच्या वजनातला 40 ते 70 टक्के फरक आनुवंशिकतेतून येतो. 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन या संप्रेरकाचे जनुक सापडले. ‘पोट भरले’ हा निरोप चरबीच्या पेशी मेंदूला लेप्टिनमार्फत देतात. तीन वर्षांनी केंब्रिजच्या डॉक्टरांनी एका आठ वर्षांच्या मुलीचे प्रकरण प्रसिद्ध केले. तिचे वजन होते 86 किलो. तिला सतत भूक लागायची, खायला मिळाले नाही की ती कासावीस व्हायची. तिच्या रक्तात लेप्टिन जवळपास नव्हतेच. हे संप्रेरक टोचायला सुरुवात केली, तशी तिची भूक ओसरली आणि वजन उतरू लागले. असा दोष फार थोड्यांत असतो, हे खरे. पण भूक ही निव्वळ मनाच्या निग्रहाची गोष्ट नाही, हे त्या मुलीने कायमचे दाखवून दिले.

वजन उतरवल्यानंतर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूझर’ नावाची दूरचित्रवाणीवरची स्पर्धा होती. जो सर्वांत जास्त वजन घटवेल तो जिंकणार. केव्हिन हॉल या संशोधकाने तिच्यातल्या 14 स्पर्धकांची सहा वर्षांनी पुन्हा तपासणी केली आणि 2016 मध्ये निष्कर्ष छापले. स्पर्धेत सरासरी 58 किलो उतरले होते. त्यातले 41 किलो परत आले होते. त्याहून धक्कादायक म्हणजे स्वस्थ बसलेले असताना त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होते. वजन परत आले तरी शरीराची ही कंजुषी गेली नव्हती. ज्या माणसाने जिवाच्या आकांताने वजन उतरवले, त्याच्या विरुद्ध त्याचेच शरीर सहा वर्षे उभे ठाकलेले असते. थायरॉइडचे विकार, पाळीच्या तक्रारी घेऊन येणारा पीसीओएस, दम्यासाठी घ्यावे लागणारे स्टेरॉइड, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, यांनी वाढणारे वजन तर वेगळेच. करखात्याचा निरीक्षक हे सगळे कसे वेगळे काढणार?

जपानने मात्र शरीर मोजण्याचा मार्ग प्रत्यक्ष अवलंबला. एप्रिल 2008 पासून तिथे 40 ते 74 वयाच्या प्रत्येकाची वार्षिक तपासणी आखून देण्यात आली. तपासणीत माणसाने सरळ उभे राहायचे, श्वास हलकेच सोडायचा, आणि बेंबीच्या पातळीवर टेप फिरवला जातो. पुरुषांना 85 सेंटिमीटर आणि बायकांना 90 सेंटिमीटर ही मर्यादा. ती ओलांडली आणि रक्तदाब किंवा साखरही वाढलेली असली, तर आहारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो. ‘जपानमध्ये लठ्ठ असणे बेकायदा आहे’ असे जे व्हॉट्सॲपवर फिरते ते चुकीचे आहे. कोणा माणसाला दंड होत नाही. आर्थिक जबाबदारी आहे ती विमासंस्थांवर. तपासणीचे आणि सल्ल्याचे उद्दिष्ट गाठले नाही, तर वृद्धांच्या आरोग्यनिधीत त्यांना द्यावा लागणारा वाटा दहा टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

एवढा खटाटोप करून मिळाले काय? 2020 मध्ये जपानी संशोधकांनी कमरेच्या त्या मर्यादेच्या जरा अलीकडे आणि जरा पलीकडे असलेल्या पुरुषांची तुलना केली. सल्ल्यासाठी पाठवलेल्यांचे वजन वर्षभरात सरासरी 300 ग्रॅमच्या आसपास घटले होते, आणि तेही पुढच्या दोन-तीन वर्षांत विरून गेले. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत फरक पडला नाही. टेप घेऊन कंबर मोजणारी एवढी शिस्तबद्ध यंत्रणा जिथे 300 ग्रॅमांवर थांबली, तिथे बाकीच्यांनी त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

तंबाखूचा दाखला इथे नेहमी दिला जातो: सिगारेटवर कर चालतो, मग लठ्ठपणावर का नाही? पण सिगारेटचा कर पानपट्टीवर पाकिटाला लागतो. ओढणाऱ्याच्या छातीचा एक्स-रे काढून कोणी कर आकारत नाही. तोच नियम खाण्यापिण्याला लावला, तर कर माणसावर न बसता मालावर बसतो. अशा करांचा अनुभव जगाकडे भरपूर आहे. त्यातला काही फसलेला, काही चांगलाच यशस्वी.

फसलेला अनुभव डेन्मार्कचा. 1 ऑक्टोबर 2011 रोजी तिथे संपृक्त चरबीवर कर आला. ज्या पदार्थात अशी चरबी 2.3 टक्क्यांहून जास्त, त्याला चरबीच्या दर किलोमागे 16 क्रोनर. लोणी, चीज, साय, मांस, तेल, सगळेच त्यात आले. म्हणजे घरातल्या रोजच्या स्वयंपाकाचेच जिन्नस महागले. दुकानदार हिशेबाला वैतागले, लोक गाड्या काढून जर्मनीत आणि स्वीडनमध्ये खरेदीला जाऊ लागले, आणि 1 जानेवारी 2013 ला कर रद्द झाला.

मेक्सिकोने निवड शहाणपणाने केली. तिथे लहान मुलेही पाण्याऐवजी कोला पीत होती. 1 जानेवारी 2014 पासून साखर घातलेल्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसला. पहिल्या वर्षी अशा पेयांची खरेदी सरासरी 6 टक्क्यांनी घटली, दुसऱ्या वर्षी 9.7 टक्क्यांनी, आणि साध्या पाण्याच्या बाटल्यांचा खप वाढला. सर्वांत जास्त घट गरीब घरांत झाली. इथे एक आक्षेप रास्त आहे, की असा कर गरिबाच्या खिशाला जास्त बोचतो. बोचतोच. पण मधुमेहही गरिबालाच जास्त बोचतो, आणि ज्या घराने कोला कमी केला त्या घराचा कर आणि औषध दोन्ही वाचले. मेक्सिकोचा लठ्ठपणा या एका पेसोने संपलेला नाही, हेही तितकेच खरे आहे.

या सगळ्यांत नीट आखलेला कर ब्रिटनचा, तोही साखरेच्या पेयांवरचा. अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी मार्च 2016 च्या अर्थसंकल्पात तो जाहीर केला आणि कंपन्यांना दोन वर्षांची मुदत दिली. 6 एप्रिल 2018 पासून पायऱ्या अशा लागू झाल्या: 100 मिलिलिटरमध्ये 5 ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर शून्य, 5 ते 8 ग्रॅम असेल तर लिटरला 18 पेन्स, 8 ग्रॅम किंवा जास्त असेल तर 24 पेन्स. ग्राहकाला काही सांगायची गरज पडली नाही. कंपन्यांनीच कृती बदलायला घेतली. स्कॉटलंडच्या लाडक्या ‘आयर्न ब्रू’ या पेयातली साखर 100 मिलिलिटरमागे 10.3 ग्रॅमवरून 4.7 वर आली, म्हणजे कराच्या रेषेच्या जरा खाली. जुनी चव संपणार म्हणून चाहत्यांनी घरात बाटल्यांचे खोके साठवले. 2015 ते 2019 या काळात या कराखालच्या पेयांमधले साखरेचे सरासरी प्रमाण सुमारे 44 टक्क्यांनी घटले. केंब्रिजच्या संशोधकांनी 2023 मध्ये दाखवले, की 10-11 वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा 8 टक्क्यांनी कमी राहिला. मुलग्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. कोणाचे वजन केले नाही, कोणाला वर्गात उभे करून ‘जाड्या’ म्हटले नाही, आणि हजारो मुली त्या वाटेवर गेल्याच नाहीत.

भारतात पहिला प्रयत्न केरळने केला. जुलै 2016 मध्ये अर्थमंत्री थॉमस आयझॅक यांनी नामांकित साखळी रेस्टॉरंटांतल्या बर्गर, पिझ्झा, डोनट वगैरेंवर 14.5 टक्के कर लावला. हेतू चांगला होता, पण नेम चुकला; केळ्याचे तळलेले काप आणि परोटा त्याच्या बाहेर होते. वर्षभरात जीएसटी आला आणि तो कर त्यात विरघळला.

जीएसटीकडे या दृष्टीने पाहिले की हळहळ वाटते. कोलासारख्या पेयांवर आपल्याकडे जगातला एक मोठा कर आहेच: आधी 28 टक्के आणि वर 12 टक्के उपकर, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून सरळ 40 टक्के. पण हा कर साखर मोजत नाही. बाटलीत 100 मिलिलिटरला 11 ग्रॅम साखर असो की अजिबात नसो, दर तोच. मग कंपनीने साखर का कमी करावी? 600 मिलिलिटरच्या नेहमीच्या कोलाच्या बाटलीत 60 ग्रॅमांहून जास्त साखर असते. चहाच्या चमच्याने मोजली तर बारा चमच्यांहून जास्त भरेल. त्याच दिवशी, त्याच बदलात फळांच्या गराच्या पॅकबंद पेयांचा दर 12 टक्क्यांवरून 5 वर आला, आणि यातल्या काहींत साखर कोलापेक्षा कमी नसते. शेव-भुजियाचा दर 12 वरून 5, बिस्किटे, चॉकलेट आणि आइस्क्रीम यांचा 18 वरून 5. ग्राहकाला स्वस्ताई मिळाली, याचा आनंद आहेच. पण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये स्वयंपाकातले तेल दहा टक्क्यांनी कमी करा असे देशाला सांगितले होते, आणि जानेवारीतल्या आर्थिक पाहणी अहवालाने अतिप्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांबद्दल काळजी व्यक्त केली होती. आवाहन एका दिशेला आणि दरपत्रक दुसऱ्या दिशेला गेले.

भारताची आणखी एक अडचण विसरून चालणार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 24 टक्के बायका आणि 22.9 टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ होते. त्याच पाहणीत 18.7 टक्के बायका आणि 16.2 टक्के पुरुष हाडकुळे, कमी वजनाचे होते. एकाच गल्लीत, कधी एकाच घरात दोन्ही भेटतात. त्यामुळे कर लावताना तेल, डाळ, दूध, अंडी या पोषणाच्या वस्तूंना धक्का लागता कामा नये. डेन्मार्कची चूक आपल्याला परवडणारी नाही. नेम धरायचा तो पोषण काहीच न देणाऱ्या साखरेच्या पाण्यावर आणि पुड्यांतल्या खाऱ्या-तळलेल्या मालावर, आणि दर ठरवायचा तो ग्रॅममध्ये.

जास्त वजनाच्या माणसांवर कर लावू नये. तो हिशेबाने चुकतो, मापाने चुकतो, पुण्याच्या खेड्यातल्या उपाशी आईच्या लेकराला दोषी ठरवतो, आणि ज्याला डॉक्टरकडे जाण्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याला वजनकाट्याच्या लाजेने दवाखान्यापासून दूर ठेवतो. कर लागायला हवा तो साखरेच्या प्रमाणावर, ब्रिटनसारखा पायरीपायरीने, आधी मुदत देऊन; आणि त्यातून येणारा पैसा शाळेत पिण्याचे स्वच्छ पाणी, मुलांना मैदान आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहाची औषधे यांसाठी वेगळा काढून ठेवायला हवा. हा बदल करण्याचा अधिकार जीएसटी परिषदेचा आहे आणि तिथे प्रत्येक राज्याचा मंत्री बसतो. 1990 च्या दशकापासून हलक्या वजनाच्या बाळांचा अभ्यास ज्या राज्यात झाला, त्या महाराष्ट्राच्या प्रतिनिधीने पुढच्या बैठकीत ही मागणी मांडावी.